जुबैलहून वसईला नाताळसाठी: आधी परतीची तारीख ठरवा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. सौदीत जुबैलला एका कंत्राटी कंपनीत नोकरी, वर्षाला २१ दिवसांची रजा. बायको, सात वर्षांची मुलगी आणि आईवडील वसईत, नंदाखालच्या बाजूला. गेली तीन वर्षं रजा मे-जूनमध्येच मिळाली, नाताळ एकदाही घरी झाला नाही. यंदा कंपनी डिसेंबरमध्ये सोडायला तयार आहे. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल: २३ डिसेंबरचं तिकीट आत्ता काढू की उतरण्याची वाट बघू, सोनं किती आणता येईल, आणि कुणाला न सांगता थेट दारात उभं राहिलो तर कसं.

वसई-विरार पट्ट्यातल्या आखाती प्रवाशांची तिकिटं आणि व्हिसाची कामं हा आमचा रोजचा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिकिटाच्या भावापासून सुरुवात केली की गाडी चुकीच्या रुळावर जाते. तुमचा खरा प्रश्न असा आहे की हातातल्या २१ दिवसांपैकी किती २५ तारखेच्या आधी ठेवायचे आणि किती नंतर. ते ठरलं की परतीची तारीख ठरते, परतीवरून री-एंट्रीची (रजेवरून सौदीत परत शिरण्याच्या व्हिसाची) मुदत ठरते आणि भावाचं गणितही बरंचसं तिथेच सुटतं. बहुतेक लोक जाण्याची तारीख धरून बसतात, परतीचं "बघू नंतर" म्हणतात आणि नेमके तिथेच अडकतात.

आधी कॅलेंडर. २०२६ मध्ये २५ डिसेंबर शुक्रवारी आहे. तुमच्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणजे रजा नेहमी रविवारपासून सुरू करा आणि शनिवारी संपवा, आधीचे शुक्रवार-शनिवार फुकट मिळतात. सोयीच्या मांडण्या दोनच. पहिली, १३ डिसेंबर ते २ जानेवारी: गुरुवारी १० तारखेला काम संपवून रात्रीचं विमान, शनिवारी २ तारखेला परत. दुसरी, २० डिसेंबर ते ९ जानेवारी: गुरुवारी १७ तारखेला रात्री निघायचं, ९ ला परत. तुमच्या मनात असलेली २३ तारीख दोन्हीत बसत नाही आणि माझ्या मते ती सगळ्यात वाईट आहे. का, ते सांगतो.

२३ ला रात्री निघालात तर २४ ला पहाटे मुंबई, सकाळी घर, दुपारी झोप, संध्याकाळी गोठ्यासमोर (येशूजन्माच्या देखाव्यासमोर) फोटो, रात्री चर्चमध्ये मिस्सा. म्हणजे नाताळ तुम्हाला तयार ताटात वाढलेला मिळतो. ज्या कामांसाठी माणूस घरी हवा असतो, ती सगळी त्याआधी उरकलेली असतात. गोठ्यासाठी पेंढा आणि बांबू, अंगणातला कंदील, फराळ, आगमन काळातल्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या) चौथ्या रविवारची मिस्सा (यंदा २० डिसेंबर), पापनिवेदनाची रांग, आजीच्या घरी पहिली भेट. शिवाय एक विमान रद्द झालं की नाताळ गेला. मध्ये एकही राखीव दिवस नाही. १७ ला निघालात तर १८ ला घरी, आणि काही बिघडलंच तर हाताशी पाच-सहा दिवस.

मग पहिली मांडणी अजून चांगली नाही का? नाताळपुरतं बघितलं तर आहे, पण वसईत २५ नंतर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. आगमन काळात सहसा लग्नं लागत नाहीत, त्यामुळे २६ डिसेंबरपासून उपवासकाळ सुरू होईपर्यंत लग्नांची रांग लागते. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे, म्हणजे मोसम लहान आणि लग्नं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दाटीने. घरात, भावकीत कुणाचं लग्न असेल तर दुसरी मांडणी. नसेल आणि मुलीसोबत निवांत दिवस हवे असतील तर पहिली. हे मात्र पूर्णपणे तुमच्या घरावर अवलंबून आहे. आज बायकोला फोन करून एवढंच विचारा की २६ ते ९ मध्ये कुठली आमंत्रणं ठरली आहेत.

आता भाव. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आखातातून भारताकडे येणारी विमानं भरलेली आणि जाणारी अर्धी रिकामी असतात, जानेवारीच्या सुरुवातीला बरोबर उलट. कंपनी रिकाम्या फेरीचा खर्च भरलेल्या फेरीतूनच काढते. त्यात शाळांच्या सुट्ट्या, केरळ, मंगळूर आणि गोव्याकडची मंडळी, सगळ्यांना तेच दोन आठवडे हवे असतात. शेवटच्या क्षणी भाव पडतो हे ऑफ सीझनला खरं आहे, नाताळच्या आठवड्यात नाही. एका विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो, परत मागे सहसा येत नाही. कुणी रद्द केल्याने एखादी जागा मोकळी होते, पण तिच्या भरवशावर वर्षाची रजा लावू नये.

आमचा ठोकताळा असा की थेट विमान हवं असेल तर नाताळाच्या १० ते १४ आठवडे आधी तिकीट हातात असावं. म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. त्याआधी फार फायदा होत नाही, कारण तेव्हा कंपनीची रजा लेखी मंजूर नसते आणि तारीख बदलायचा खर्च अंगावर येतो. भाव कमी करायचा असेल तर जाण्याच्या तारखेशी खेळू नका, परतीच्या तारखेशी खेळा. १ ते ४ जानेवारी हा परतीचा सर्वांत महाग तुकडा असतो. तिथून तीन-चार दिवस जरी पुढे सरकलात तरी फरक दिसतो, आणि ९ तारखेची परती त्याच हिशेबाने बरी. पहिली मांडणी निवडली तर २ तारखेच्या परतीला जास्त पैसे मोजायची तयारी ठेवा.

"रिफंडेबल" आणि "तारीख बदलता येणारं" हे दोन वेगळे प्रकार आहेत. तुम्हाला दुसरा हवा. जुबैलला शटडाऊन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याचा काळ) लांबला की रजा आठवडाभर सरकते हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा पैसे परत मिळण्यापेक्षा तारीख कमी दंडात हलवता येणं महत्त्वाचं. तिकीट काढताना बदलाचा दंड आणि "भावातला फरक" हे दोन्ही विचारा. दंड शून्य म्हणतात आणि फरकात तेवढेच वसूल करतात.

मार्ग निवडताना दम्माम (जुबैलजवळचा विमानतळ) ते मुंबई थेट मिळालं तर प्रश्न संपला. नाही मिळालं तर दिल्लीवरून येणारं स्वस्त तिकीट टाळा. डिसेंबरच्या उत्तरार्धात दिल्लीला सकाळचं दाट धुकं ही दरवर्षीची गोष्ट आहे, पहाटे उतरणारं विमान जयपूरला वळलं की पुढचं मुंबईचं गेलं. दुसऱ्या आखाती शहरातून जोड असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असले पाहिजेत. वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचतात खरे, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या ड्युटीच्या नव्या नियमांमुळे देशांतर्गत उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, तेव्हा सगळ्यात जास्त हाल अशा वेगवेगळ्या तिकिटांवाल्यांचेच झाले. काही जण जुबैलहून पुलावरून बहरीनला जाऊन तिथून उडतात. भाव बरा असेल तर हरकत नाही, पण गुरुवारी संध्याकाळी किंग फहद पुलावर अर्धं पूर्व सौदी असतं. त्या रात्रीचं विमान बहरीनहून घेऊ नका.

मुंबईच्या बाजूला एक नवी गोष्ट. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. जोडतिकीट असेल तर उतरण्याचं ठिकाण बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबईचा), हे तिकिटावर बघून घ्या. "मुंबई" एवढं वाचून लोक तिकीट काढतात. वसईकराला उलव्याहून घरी येणं म्हणजे अख्खी मुंबई आणि ठाणं ओलांडून येणं.

आता री-एंट्री. सगळ्यात जास्त रडारड इथे होते. सिंगल एक्झिट री-एंट्रीचं शुल्क दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल आणि पुढच्या प्रत्येक महिन्याला १०० रियाल. मुकीममधून (कंपन्यांसाठीचं सौदी सरकारी पोर्टल) कंपनी काढते किंवा अबशरमधून (सरकारी ऑनलाइन सेवा) निघते. पण हा व्हिसा दोन तऱ्हांनी निघतो आणि एचआरचा माणूस घाईत कुठलाही टिकमार्क करतो. एका तऱ्हेत ६०, ९० असे दिवस असतात. यात काढल्यापासून तीन महिन्यांच्या आत देश सोडायचा आणि दिवस तुम्ही सोडल्यापासून मोजले जातात. दुसऱ्या तऱ्हेत "अमुक तारखेच्या आत परत" असं असतं. यात घड्याळ व्हिसा काढल्याच्या दिवसापासूनच चालू होतं. समजा एचआरने १ डिसेंबरला "१० जानेवारीच्या आत परत" असा काढला, आणि शटडाऊनमुळे तुमची रजा दहा दिवस पुढे गेली, तर व्हिसा तुमच्यासोबत पुढे सरकत नाही. म्हणून ६० दिवसांचाच मागा. पैसे तेवढेच लागतात. हातात आल्यावर कागदावर "ड्युरेशन" आहे की "रिटर्न बिफोर" एवढं वाचा.

व्हिसा अडण्याची कारणं साधारण ठरलेली आहेत. वाहतुकीचा दंड बाकी असणं हे पहिलं, साहेर कॅमेऱ्याचा एखादा जुना दंड अबशरमध्ये पडलेला असतो आणि माहीतच नसतो. दुसरं, पासपोर्टची मुदत ९० दिवसांपेक्षा कमी. तिसरं, इकाम्याची (सौदीतल्या राहण्याच्या परवान्याची) मुदत. री-एंट्री इकाम्याच्या पलीकडे जात नाही, आणि इथे हिजरी तारखेचा घोटाळा होतो. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं. "मागच्या वर्षी जानेवारीअखेरीस नूतनीकरण झालं होतं" असं धरून चालणाऱ्याचा इकामा यंदा जानेवारीच्या मध्यालाच संपू शकतो. इंग्रजी तारीख अबशरमध्ये बघा, आठवणीवर जाऊ नका. इकामा जानेवारीत संपत असेल तर निघण्याआधीच नूतनीकरण करून घ्या. बाहेर असताना मुदत वाढवता येते, पण शुल्क जास्त लागतं आणि सगळं कंपनीच्या मर्जीवर राहतं.

पासपोर्ट संपत आला असेल तर तो सौदीतच, दूतावासाच्या केंद्रातून नवा करून मग निघा. भारतात येऊन नवा काढलात तर इकामा आणि री-एंट्री जुन्या नंबरला जोडलेली राहते. परत जाताना दोन्ही पासपोर्ट हातात ठेवावे लागतात आणि पोचल्यावर नव्या नंबरची नोंद करून घ्यावी लागते. होतं ते, पण नाताळच्या गर्दीत चेक-इन काउंटरवर हे समजावत बसण्याची वेळ कशाला आणायची. आणखी एक विचारून ठेवा: सौदी कायद्याने एका मालकाकडे सलग पाच वर्षं झाली की रजा २१ ऐवजी ३० दिवस होते. तुमची झाली असतील तर वर लिहिलेलं सगळं सोपं होतं, कारण १३ डिसेंबर ते ९ जानेवारी एकाच रजेत बसतं.

हे वाचणाऱ्या कुवेतवाल्यांसाठी एक ओळ: १ जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला देश सोडण्याआधी मालकाच्या मंजुरीचा एक्झिट परमिट लागतो. तो ऑनलाइन मिळतो, पण मालकाचा माणूसच सुट्टीवर असेल तर विमानतळावरून परत फिरावं लागेल.

सोन्याकडे येतो. वर्षापेक्षा जास्त काळ बाहेर राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात. २०१६ च्या नियमांत याला ५० हजार आणि १ लाख रुपये अशी किमतीची अटही होती, आणि सोनं महागल्यामुळे वजनात बसूनही किमतीत लोक अडकत होते. फेब्रुवारी २०२६ च्या नव्या बॅगेज नियमांत ती किमतीची अट गेली, वजनच राहिलं. इतर सामानाची मर्यादाही ५० हजारांवरून ७५ हजार रुपये झाली. निघायच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या अतिथी ॲपवर एकदा खात्री करून घ्या.

चुका ठरावीक होतात. सवलत दागिन्यांना आहे, नाणं आणि बिस्किटाला नाही. "मुलीसाठी दहा ग्रॅमचं नाणं" हा शुल्क भरायचाच माल. तुमच्या गळ्यातली साखळीही त्याच २० ग्रॅममध्ये धरली जाऊ शकते. ती भारतातूनच नेलेली असेल तर तिचं जुनं बिल किंवा जाताना कस्टम्सकडून घेतलेला दाखला हवा. बायको वसईत आहे, म्हणून तिचे ४० ग्रॅम तुमच्या खात्यात येत नाहीत, सवलत उतरणाऱ्या माणसाची असते. तुमची "वर्षापेक्षा जास्त" ही अट मधल्या मे-जूनच्या फेऱ्यांमुळे कशी धरतील याबद्दल काउंटरवर वाद होऊ शकतो, तेव्हा जुने शिक्के असलेला पासपोर्ट आणि इकामा सोबत असू द्या. २० ग्रॅमच्या वर असेल तर सरळ लाल मार्गाने जा आणि शुल्क भरा. हिरव्या मार्गात पकडलं गेलं की शुल्क आणि दंड दोन्ही, शिवाय तीन तास. सौदीतून निघताना ६० हजार रियालच्या वर रोख किंवा मौल्यवान वस्तू असतील तर तिथेही जाहीर करावं लागतं.

बाकी सामानाचं झटपट. एक लॅपटॉप चालतो. दुसरा नवा फोन खोक्यात असेल तर तो ७५ हजारांत मोजला जातो. टीव्ही आणूच नका, त्याला या मर्यादेची सवलत नाही आणि वसईत तोच मिळतो. ड्रोन आणि ई-सिगारेट बंदच आहेत. दारू दोन लिटरपर्यंत, ती सौदीतून येणार नाहीच, मुंबईत उतरल्यावरच्या दुकानातून घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. मर्यादा १०० वॉट-तास, म्हणजे २० हजार एमएएचची (साधारण ७४ वॉट-तास) चालते. बॅगेचं वजन एकत्र ४० किलो मिळत असलं तरी एका नगाला ३२ किलोच्या वर कुणी हात लावत नाही. मी तर २० च्या आसपासच्या दोन बॅगा सुचवीन. दोरीने करकचून बांधलेलं खोकं किंवा चादरीत गुंडाळलेलं बोचकं सौदी विमानतळांवर, विशेषतः जेद्दाला, परत पाठवतात. टणक कडेची सूटकेस किंवा चौकोनी खोकं, रुंद टेप, दोन बाजूंना नाव आणि वसईचा फोन.

मुंबईला उतरल्यावर वसईला येण्याबद्दल. पहाटे पाचच्या आत उतरलात तर टॅक्सीने महामार्गावरून घोडबंदरचा पूल ओलांडून दीड तासात घरी याल. सकाळी आठनंतर दहिसर आणि घोडबंदर इथे किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. सकाळी अंधेरीहून विरारकडे जाणारी लोकल मोकळी असते, दोन बॅगा घेऊन वसई रोडला किंवा नालासोपाऱ्याला आरामात उतरता येतं. संध्याकाळी पाच ते नऊ विरार फास्टमध्ये सामानासह चढण्याचा विचारही करू नका. म्हणून उड्डाणाची वेळ निवडायला मिळाली तर मुंबईत मध्यरात्री ते पहाटे उतरणारं घ्या.

घरी पोचल्यावरच्या कामांत एक फास आहे. २५ शुक्रवार, २६ महिन्यातला चौथा शनिवार, २७ रविवार. बँका सलग तीन दिवस बंद. एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्याचं केवायसी, लॉकर, आईच्या पेन्शनचं काही, जे काही असेल ते २१ ते २४ मध्ये उरका. पहिल्या मांडणीने आलात तर १४ ते १८ चा आठवडा त्यालाच ठेवा. वडिलांच्या तपासण्यांनाही तोच काळ. २६ नंतर डॉक्टरही लग्नांत असतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न, न सांगता दारात उभं राहण्याचा. करू नका असं म्हणणार नाही, पण निदान बायकोला सांगा. ती २४ ला माहेरी असू शकते, मुलगी पॅरिशच्या नाटुकलीत असू शकते, घरात तुमच्यासाठी अंथरूण नसेल. वयस्कर आईवडिलांना पहाटे पाचला दाराची कडी वाजवून धक्का देणं तर नकोच. आश्चर्य मुलीपुरतं ठेवा.

आणि मुलीबद्दल, जरी हे तिकिटाच्या कामात मोडत नसलं तरी. सात वर्षांच्या मुलीला तुम्ही फोनच्या पडद्यावरचे बाबा आहात. पहिले दोन दिवस ती लाजेल, आईच्या मागे जाईल, आणि बॅग उघडली की फक्त खेळण्यापुरती जवळ येईल. यावर भेटवस्तूंचा उपाय चालत नाही, सोबत केलेल्या कामाचा चालतो. म्हणून फराळाच्या आधी पोचणं महत्त्वाचं. कलकलच्या (फराळातल्या तळलेल्या गोड पदार्थाच्या) संध्याकाळी टेबलाशी बसा. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवून अंगठ्याने दाबत खाली ओढायची, की ती रेघा उमटवत गुंडाळली जाते. मोठ्यांच्या बोटाने ती जाड होते, मुलांच्या बोटाने नीट. तिला तुमच्या चुका दुरुस्त करू द्या. दोन परातीत मावतील एवढे कलकल होईपर्यंत ती शाळेतलं सगळं सांगून मोकळी होते. गोठ्याचंही तसंच. यंदा गुहा बनवायची की झोपडी, हे तिला ठरवू द्या, पेंढा तुम्ही आणा.

शेवटी परतीची बॅग, कारण आई ती भरणार आणि ती प्रेमाने चुकीची भरणार. सौदीत खसखस बंदी असलेल्या मालात येते. घरचा बॉटल मसाला खसखस घालून केलेला असतो, करंजीच्या सारणातही ती असते. त्यामुळे बॉटल मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा अर्धा किलो कुटून घ्या, आणि हे आईला नोव्हेंबरमध्येच सांगा, मसाला एकदा तयार झाल्यावर ती बाजूला काढता येत नाही. सोरपोतेल, पोर्कचं काहीही, घरची वाइन, रममध्ये भिजवलेला केक, हे सगळं वसईतच संपवायचं. सुकेळी, शंकरपाळी, साधा कलकल, चिकूच्या फोडी सुकवलेल्या असतील तर त्या, हे बिनधास्त न्या. लोणचं आणि तूप चेक-इनमध्ये, झाकणाला टेप आणि वरून दोन पिशव्या. अख्खं सुकं खोबरं हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येही अडवतात, ते सोडाच. सुके बोंबील नेणारे नेतात, पण वास बाहेर आला तर बॅग उघडली जाते आणि उघडली की बाकी सगळंही बघितलं जातं.

औषधांबाबत मात्र थट्टा नको. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, प्रीगॅबालिन हे आपल्याकडे सहज लिहून दिलं जातं, सौदीत नियंत्रित आहे. वडिलांच्या डॉक्टरांनी जाताजाता "पाठीला घे" म्हणून दिलेली गोळ्यांची पट्टी खिशात टाकून जाऊ नका. लागणारंच असेल तर चिठ्ठी सोबत घ्या आणि सौदी औषध प्राधिकरणाची ऑनलाइन परवानगी आधी काढा.

९ जानेवारीला विमान पहाटे चारचं असेल तर वसईहून ८ ला रात्री दहाला निघा. उशिरात उशिरा साडेदहा. जेवण आटपून, री-एंट्रीची छापील प्रत पासपोर्टमध्ये घालून.